व्यासांची रात्र, मावशीची हरकत

महाभारताचं पंधरावं पर्व सहसा कोणी उघडत नाही. युद्ध अठरा दिवसांत आटोपलं, भीष्मांचं शरपंजरी सांगून झालं, आता राहिलं काय, असं वाटतं. राहिली ती म्हातारी माणसं आणि विधवा. आश्रमवासिक पर्व त्यांचं आहे, आणि त्याच्या उत्तरार्धात एक रात्र आहे. तिच्याइतकी विलक्षण प्रेमकथा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

थोडक्यात प्रसंग असा. युद्धानंतर पंधरा वर्षं धृतराष्ट्र हस्तिनापुरात युधिष्ठिराच्या आश्रयाने राहिला. मग गांधारी, कुंती, विदुर आणि संजय यांच्यासह तो वनात गेला. पुढे पांडव सगळा परिवार घेऊन त्याला भेटायला गेले. तिथे व्यास आले. गांधारीने हात जोडून त्यांना सांगितलं, सोळा वर्षं झाली, हा राजा रात्र रात्र उसासे टाकत जागा असतो, आणि या सुनांचं दुःखही तसंच आहे. कुंतीने कर्णाचा विषय काढला. व्यास म्हणाले, आज रात्री भेटवतो. सगळे गंगेकाठी जाऊन अंधार पडायची वाट पाहत बसले. तो दिवस त्यांना वर्षासारखा गेला. मग व्यास पाण्यात उतरले, त्यांनी हाक दिली, आणि कुरुक्षेत्रावर पडलेले वीर पाण्यातून वर आले. भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन, अभिमन्यू, घटोत्कच. ज्याचा जो वेश, जो ध्वज, जे वाहन होतं तेच. फक्त वैर नव्हतं, अहंकार नव्हता, राग आणि मत्सर नव्हता. धृतराष्ट्राला त्या रात्रीपुरती दृष्टी मिळाली आणि जन्मात न पाहिलेली मुलं त्याने पाहिली. पांडव कर्णाला भेटले. बायका नवऱ्यांना भेटल्या.

मी रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. नवरा गेलेल्या बायकांचा एक गट आमच्याकडे जमतो. त्यांना ही गोष्ट सांगावी असं माझ्या मनात होतं, म्हणून आधी मावशीला विचारलं. मावशीने कुरुंदवाडला शाळेत वर्षानुवर्षं संस्कृत शिकवलं. काका गेले तेव्हा ती चाळिशीत होती. तिला कल्पना आवडेल असं मी धरूनच चालले होते. पुढचं बोलणं तिच्या परवानगीने देते. काही ठिकाणी आमचे आवाज चढले, ते कागदावर उतरवलेले नाहीत.

मावशी : सांग की. पण थांबणार कुठे?

मी : कुठे म्हणजे?

मावशी : रात्रीवरच थांबणार, की पहाटही सांगणार?

मी : रात्रीवर थांबायचा विचार होता.

मावशी : वाटलंच. मग पहाटेचं मी सांगते. व्यासांनी आलेल्यांना निरोप दिला. रथ, ध्वज घेऊन ते आले तसे गंगेत शिरले आणि क्षणात दिसेनासे झाले. मग व्यास पाण्यातच उभे राहून त्या विधवांना म्हणाले, की जिला पतीच्या लोकी जायचं असेल तिने वेळ न घालवता पाण्यात उतरावं. त्या सासऱ्याचा निरोप घेऊन उतरल्या. मनुष्यदेह सुटला, दिव्य रूप मिळालं, नवऱ्यांपाशी पोचल्या. हे तुझ्या प्रेमकथेचं शेवटचं पान. ते फाडून उरलेलं पुस्तक तू त्या बायकांच्या हातात देणार?

मी : तो भाग मला माहीत आहे गं. पण तो मागाहून घातलेला असणार. सहगमनाचं माहात्म्य वाढल्यावर कोणीतरी...

मावशी : भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्यातही ते आहे. नको ते प्रक्षिप्त आणि हवं ते व्यासांचं, अशी वाटणी तुला करता यायची नाही.

मी : बरं, राहू दे. पण त्याने रात्र खोटी ठरत नाही. सावित्रीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिला सत्यवान परत मिळतो. ते दुःख नव्हतंच, ते संकट होतं आणि टळलं. ज्यांचं टळलं नाही त्यांच्या कामाची ती गोष्ट नाही. इथे मात्र गेलेला परत मिळत नाही. एक रात्र मिळते आणि उजाडताना सोडून द्यावं लागतं. माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांना नेमकं एवढंच हवं असतं. नवरा सकाळी डबा घेऊन बाहेर पडला आणि परत आलाच नाही. शेवटचं बोलणं काय झालं, तर येताना गॅसच्या नंबराचं बघा. त्या म्हणतात, परत नको देऊस, एकदा नुसतं भेटव. आम्ही मग रिकामी खुर्ची मांडतो आणि म्हणतो, ते इथे बसलेत असं समजा आणि बोला.

मावशी : खुर्चीवरचा उलटून बोलतो का?

मी : त्यांनीच मग त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या बाजूने बोलायचं.

मावशी : हे बरं आहे. व्यासांच्या रात्री तीच पंचाईत आहे. आलेल्यांचा राग काढून घेतलेला. कोणी कोणाला दोष देत नाही, शंका घेत नाही, सगळे आनंदात. दुर्योधनाचा मत्सर काढल्यावर दुर्योधन उरतो किती? आणि तुझ्या काकांचा राग काढल्यावर काका उरतात किती? ते येऊन नुसते प्रसन्न हसत बसले तर मी त्यांना ओळखणार नाही. मला त्यांच्याशी एक भांडण पुरं करायचंय. मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते, मला न सांगता. ते गेल्यावर महिन्याने बँकेचं पत्र आलं तेव्हा कळलं. आता हे मी कोणाशी भांडू? त्या रात्रीच्या वातावरणात तर तोंडही उघडता येणार नाही. सगळीकडे शांत, पवित्र.

जामिनाची गोष्ट मला नवी होती. आमच्या घरात काकांबद्दल जे बोललं जातं त्यात त्यांचं गाणं आहे, त्यांचा स्वच्छ हिशेब आहे, जामीन नाही. मेलेल्या माणसाचे दोष आधी घरातले लोक काढून घेतात, व्यास नंतर.

मी : पण मावशी, राग गेला म्हणूनच कर्ण आणि पांडव भेटू शकले. जिवंतपणी ते शक्य नव्हतं. अडलेलं काहीतरी सुटायला हवं असेल तर दोघांपैकी एकाने तरी शस्त्र खाली ठेवायला नको का?

मावशी : भावाभावांचं ठीक आहे. मी नवरा-बायकोचं बोलतेय. आणि अजून एक. पांडव आश्रमात आले तेव्हा संजय तिथल्या ऋषींना एकेकाची ओळख करून देतो. त्यात या सुनांचं वर्णन आहे. पांढरी उत्तरीयं, नवरे गेलेले, मुलं गेलेली, शंभरावर बायका. सोळा वर्षं म्हणजे ऐन वय सगळं त्यात गेलं. आणि नवरे कसे आले? पडले तेव्हाच्या वेशात, कुंडलं घालून, तरुण. कवीने कुंडलं बघितली. समोर उभ्या असलेल्या बाईचे केस पिकलेत, हे त्याला दिसलं नाही. ती पदर सावरून मागे उभी राहिली असेल, हे त्याच्या मनात आलं नाही. तुझे काका अजून सेहेचाळीसचे आहेत. मी बहात्तर. ते आज आले तर मला वाकून नमस्कार करतील.

मी हसले. ती हसली नाही.

मी : व्यासांना तुझी इतकी चीड का? तेही त्या काठावर शोकातच उभे होते. धृतराष्ट्र त्यांचा मुलगा, पांडू त्यांचा मुलगा. मेलेले शंभर त्यांचे नातू, आणि मारणारेही नातूच. त्यांनी ती हाक स्वतःसाठीही दिली असेल.

मावशी : असेल. तसं असेल तर त्यांनी ते लिहायला हवं होतं. मग मी गप्प बसले असते.

(हा मुद्दा मला तेव्हा हुकला. व्यास स्वतःच्या कवितेत पात्र आहेत, पण स्वतःच्या दुःखाला त्यांनी त्या रात्री जागा दिलेली नाही. दुसऱ्यांना भेटवणारा माणूस स्वतः कोणाला मिठी मारतो, हे पर्वात येत नाही.)

मावशी : तुमच्या पुस्तकांत किती दिवस रडायला मुभा आहे?

मी : मुभा वगैरे काही नसतं. पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत 2022 मध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचं वेगळं निदान आलं. मोठ्या माणसाच्या बाबतीत किमान बारा महिने उलटलेले असावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही मुदत सहा महिन्यांची आहे.

मावशी : म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत शोक आणि त्यानंतर आजार. गांधारी पंधरा वर्षं पेशंट.

मी : नुसत्या मुदतीवर नाही ठरत ते. रोजचं जगणं अडलं असेल, तर. गेलेल्याची सतत ओढ लागणं, जगण्यात अर्थ न वाटणं. धृतराष्ट्राला लागू पडतं बघ. आणि आमच्या लोकांचंही मत बदलत आलंय. फ्रॉइडने 1917 च्या निबंधात लिहिलं, शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन थोडं थोडं सोडवून घेण्याचं काम. ते पुरं झालं की माणूस मोकळा. मग 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. त्या मित्राचाही मुलगा गेला होता. त्यात तो मान्य करतो, की अशी जागा भरून निघत नाही, आणि निघू नये हेच योग्य, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते टिकवायचा हाच मार्ग आहे.

मावशी : बापाने पंडिताला खोडून काढलं म्हण की.

मी : हो. पण ते पत्रात राहिलं, आणि शिकवला जातो तो निबंध. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या तिघांनी 'कंटिन्यूइंग बाँड्स' नावाचं पुस्तक काढलं, तेव्हा कुठे हे उघडपणे मांडलं गेलं. नातं तोडायचं नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते चालू राहणं यात आजार काही नाही.

मावशी : भाद्रपदाचा वद्य पक्ष ठेवणाऱ्यांना हे कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

मी : तेच तर मी म्हणतेय! म्हणून मला ती रात्र हवी आहे. अजून एक सांगते. वेल्समध्ये डेवी रीस नावाचा एक डॉक्टर होता, खेड्यांत काम करणारा. त्याने आपल्या भागातल्या 293 विधवा-विधुरांना घरी जाऊन विचारलं, तुम्हाला गेलेला जोडीदार आसपास असल्यासारखा वाटतो का, दिसतो का, त्याचा आवाज येतो का. 1971 मध्ये त्याने ते छापलं. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. बहुतेकांना त्याने धीर यायचा. आणि बहुतेकांनी ते आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

मावशी पुढ्यातल्या शेंगा फोडत राहिली. मग विषय सोडून बोलल्यासारखी म्हणाली :

मावशी : स्कूटर थांबल्याचा आवाज यायचा.

मी : कोणाची?

मावशी : कोणाची काय? आपली. ती तर भावजींनी केव्हाच विकली होती. साडेसहाच्या सुमाराला फाटकाशी यायची, बंद व्हायची. मी चहाचं आधण ठेवायचे. दोघांचं.

मी : आईला कधी बोलली नाहीस?

मावशी : तुझ्या आईला? तिने मला नरसोबाच्या वाडीला नेऊन बसवलं असतं. अंगात येईपर्यंत उठू दिलं नसतं.

मी : पण बरं वाटायचं?

मावशी : आधण ठेवेपर्यंत बरं वाटायचं. मग ते उकळायचं. तुझ्या त्या डॉक्टरने पुढचं विचारलं का, की आवाज आल्यावर तुम्ही काय करता? दिसलं, ऐकू आलं, इथे सगळे थांबतात. तूही, व्यासही. माझ्या हातात काय होतं, तर दोन कप.

इथून बोलण्याला वेगळं वळण लागलं. तोवर मी समजत होते, की मावशी श्रद्धेच्या विरोधात बोलतेय किंवा पुरुषी ग्रंथाच्या विरोधात. तिची तक्रार वेगळीच होती.

मावशी : तो धृतराष्ट्र वनात जायच्या आधी काय मागतो आठवतं? पैसे. भीष्म, द्रोण आणि आपली मुलं यांचं श्राद्ध करायला. विदुराला पाठवून मागतो, कारण तिजोरीवर हक्क उरलेला नाही. भीम नाही म्हणतो. ज्यांनी हे सगळं घडवलं त्यांचं श्राद्ध कशाला, म्हणतो. त्याच्या बाजूने तेही खरंच. शेवटी युधिष्ठिर आणि अर्जुन आपापल्या खजिन्यातून देतात. पंधरा वर्षं तो माणूस त्याच घरात जेवला. भीम त्याला ऐकू जाईल असं बोलायचा, याच हातांनी तुझी पोरं मारली म्हणून दंड थोपटायचा. झोप कुठून येईल? मुलगे दिसले नाहीत म्हणून तो जागा नव्हता. जन्मात दिसले नव्हतेच. त्यांच्यासाठी मोकळेपणी काही करता आलं नव्हतं म्हणून जागा होता.

मी : म्हणजे तू म्हणतेस, भेटीने काही होत नाही.

मावशी : भेटीनंतर हात रिकामे राहिले तर काही होत नाही. तुझ्या काकांच्या दहाव्याला घाटावर भावजी गेले आणि माझा मुलगा गेला. बायकांनी जायची पद्धत नव्हती. पिंड ठेवला, कावळा शिवेना. आजूबाजूला बसलेले, पण जवळ येईनात. भावजींनी सगळं बोलून पाहिलं. मुलाचं शिक्षण करीन, वहिनींना अंतर देणार नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि घरी आले. महिन्याने बँकेचं पत्र आलं तेव्हा मला कळलं, कशापाशी अडलं होतं. मी तिथे असते तर एवढंच म्हटलं असतं, तुमचं जे काही असेल ते मी बघते. काय ते विचारलंही नसतं. कावळा शिवला असता.

मी : तुझा विश्वास आहे कावळ्यावर?

मावशी : कावळ्यावर कशाला? मी म्हटलं असतं यावर आहे.

मी : मग तीच आपली व्यासांची रात्र झाली ना! घाटावर उभं राहून मेलेल्या माणसाला मोठ्याने वचन द्यायचं आणि त्याचं उत्तर येईपर्यंत ताटकळायचं.

मावशी : तीच. फक्त तिथे आम्हाला बोलावणं नव्हतं. हेरवाड इथून जवळ, आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझ्या वेळी ज्या बायकांनी ते केलं त्यातल्या दोघी माझ्या जवळच्या होत्या आणि रडत रडत करत होत्या. पण ठराव नीट वाच. बाईला काय करू नये ते त्यात आहे. बाईने काय करावं ते तिचं तिने शोधायचं. आणि जिला सोळा वर्षं पांढरं नेसवलं, कुठल्या कामात धरलं नाही, तिला एक रात्र नवरा दाखवायचा आणि पहाटे पाण्याकडे बोट करून म्हणायचं, इच्छा असेल तर उतर. तू समुपदेशन करतेस ना? याला इच्छा म्हणशील?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे येणारी कोणी असं बोलली, मला त्यांच्याकडे जायचंय म्हणाली, तर आम्ही तिला एकटं सोडत नाही. घरच्यांना बोलावतो, डॉक्टरांना दाखवतो. व्यासांनी सासऱ्याचा निरोप घेऊ दिला.

मी : पण 'जिला इच्छा असेल' असं म्हटलंय म्हणजे मागे राहणंही शक्य होतं.

मावशी : असेल. ज्या उतरल्या त्यांना दिव्य रूप मिळालं. ज्या राहिल्या असतील त्यांना एक ओळही मिळाली नाही. उन्हं वर आल्यावर ओल्या वाळूतून मुक्कामाकडे चालत गेलेली एखादी असेलच की. तिची गोष्ट सांग तू.

मी : ती ग्रंथात नाही.

मावशी : मग बनव. इरावतीबाई कर्व्यांनी नाही का 'युगान्त'मध्ये गांधारीला शेवटी डोळ्यांवरची पट्टी सोडायला लावली?

मी रुरूची गोष्ट काढली, थोडी हरल्यासारखी. आदिपर्वातला रुरू. त्याची प्रमद्वरा लग्नाआधी साप चावून मरते. तो आपलं अर्धं आयुष्य तिला देतो आणि ती उठते. लग्न होतं. सावित्रीइतकीच मोठी गोष्ट, पण आपल्याकडे तिला व्रत नाही की पूजा नाही, कारण तिचा पुढचा भाग अडचणीचा आहे. प्रमद्वरा परत मिळूनही रुरू काठी घेऊन दिसेल तो साप मारत सुटतो. शेवटी एक बिनविषारी धोंड्या साप त्याला थांबवतो आणि विचारतो, मी तुझं काय केलं?

मी : म्हणजे बघ, परत मिळूनही भरत नाही. गांधारीला फक्त एक रात्र मिळाली आणि तिचं शांतवन झालं. रुरूला अख्खी बायको मिळाली आणि तो धुमसतच राहिला.

मावशी : उदाहरण चांगलं काढलंस, पण अर्धं. ही गोष्ट आदिपर्वात कुठे येते? जनमेजयाच्या सर्पसत्राच्या आधी. बाप साप चावून मेला म्हणून तोही साप जाळत सुटलेला. दोघांचा आजार एकच. आता तुझ्या पंधराव्या पर्वात ये. ही गंगेकाठची गोष्ट वैशंपायन सांगतोय कोणाला? त्याच जनमेजयाला. तो लगेच शंका काढतो, देह नाहीसे झालेली माणसं त्याच रूपात कशी दिसतील? मग म्हणतो, माझा बाप दाखवा, मी मानतो. व्यास परीक्षिताला आणतात, होता त्या वयाचा, होता त्या रूपात. आणि जनमेजय काय करतो?

मी : आंघोळ घालतो.

मावशी : यज्ञाच्या अवभृथ स्नानात आधी बापाला आंघोळ घालतो, मग स्वतः करतो. मिठी मारून रडत बसत नाही, प्रश्न विचारत नाही. मला सगळ्या प्रकरणात ही एकच गोष्ट पटते. त्या शंभर सुनांना कोणी नवऱ्याच्या पायांवर पाणी घालायला दिलं? एखादा घास वाढायला दिला? रात्रभर बघा म्हणाले.

मी : जेवल्या-बोलल्याही असतील. ग्रंथात म्हटलंय, की रात्र स्वर्गासारखी गेली.

मावशी : स्वर्गात बायका काय करतात कुठे लिहिलंय का?

मी तिला विचारलं, तू आता काय करतेस. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं, आणि माझा हा रोजचा पेशा आहे. ती काकांचं श्राद्ध स्वतः करते. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं, तिथे शिकलेल्या एक बाई तिच्याकडे येतात. पहिल्यांदा केलं तेव्हा भावजी आले नव्हते. दुसऱ्या वर्षी आले आणि दक्षिणाही त्यांनीच दिली.

मी : आणि काकांना सांगतेस काही?

मावशी : पहिल्या वर्षी सांगितलं, जामिनाचे हप्ते फिटले. शेवटची पावती पानाशेजारी ठेवली होती.

मी : मग भांडलीस?

मावशी : मंत्र चालू असताना कुठे भांडणार? पान वाढताना भांडले. हळू. त्या बाईंनी ऐकलं असणार, पण त्या पळी पुसत बसल्या.

मी : स्कूटर?

मावशी : ती त्याच्या आधीच कधीतरी थांबली होती. कधी ते लक्षात नाही. हल्ली ऐकू यावी असं वाटतं कधी कधी, ते वेगळं.

मी : मग गटात मी ही गोष्ट सांगू की नको?

मावशी : सांग. पहाटेसकट सांग. त्यांना काय बघायचंय ते विचारू नकोस, ते आपलं सगळ्यांचं सारखंच असतं. ते आले तर काय करशील ते विचार. एखादी म्हणेल, औषधाची चिठ्ठी विचारीन. एखादी म्हणेल, थोबाडीत देईन. लिहून घे. आणि युयुत्सू सांगायचा राहू देऊ नकोस.

मी : त्याचा इथे काय संबंध?

मावशी : धृतराष्ट्राचा जिवंत राहिलेला एकच मुलगा. वैश्य बाईच्या पोटचा, युद्धात पांडवांकडून लढलेला. बाप गंगेकाठी मेलेल्या शंभरांना डोळे भरून बघत होता तेव्हा हा कुठे होता?

मी : ...हस्तिनापुरात?

मावशी : पुरोहित धौम्यांबरोबर नगर राखत. सगळे भेटायला गेले, कोणीतरी मागे राहायला हवं ना, मग याला ठेवला. त्याला कोणी दृष्टी देऊन दाखवलं नाही, कारण तो मेलेला नव्हता. पुढे दोन वर्षांनी नारद बातमी घेऊन आले, की धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वणव्यात गेली. तेव्हा गंगेवर धृतराष्ट्राला पाणी द्यायची वेळ आली, आणि पांडवांनी कोणाला पुढे केलं?

मी : युयुत्सूला.

मावशी : तुझ्या गटातल्या बायकांना मुलं आहेत?

मी : बहुतेकींना. शाळेत जाणारी.

मावशी : त्यांनाही बोलाव मग. दुपारची शाळा असेल तर वेळ सकाळची ठेव.